बसलं म्हणजे जुळलं नव्हे: जुना होम कॉम्प्युटर पुन्हा चालू करताना

गावाकडचं माळवदाचं घर उतरवायला काढलं की फडताळातून आणि पोटमाळ्यावरून काय काय खाली येतं. त्यात कधीतरी एक काळा कीबोर्ड निघतो. प्रत्येक बटणावर अक्षराच्या जोडीला चार-पाच इंग्रजी शब्द छापलेले असतात आणि मागच्या बाजूला सर्किटची उघडी पट्टी डोकावते. घरातली माणसं त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणून भंगाराच्या ढिगात टाकतात. प्रत्यक्षात तो बहुधा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटिश होम कॉम्प्युटर असतो, नाहीतर त्याचा भारतीय भाऊ डीबी स्पेक्ट्रम प्लस. स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये १९८२ साली आला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६मध्ये तो भारतात काढला. दुसरं सापडू शकणारं मशीन म्हणजे बीबीसी मायक्रो. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ ही संगणक साक्षरता योजना सुरू केली, तेव्हा ते शाळांत आलं.

ही यंत्रं आजही चालू होतात. पण सापडल्या सापडल्या जे केलं जातं, त्यानेच ती बहुतेकदा मरतात. घरातल्या वायफाय राऊटरचा अ‍ॅडाप्टर हाताशी असतो, त्याची पिन मागच्या भोकात चपखल बसते आणि बटण दाबलं जातं. या यंत्रांच्या काळात पिना, सॉकेटं आणि आयसींचे (बोर्डावरच्या काळ्या चिपांचे) आकार मोजकेच होते. एकाच आकाराच्या पिनेतून वेगवेगळ्या यंत्रांत वेगवेगळी वीज जायची. म्हणून इथे एकच गोष्ट घोकून ठेवायची: बसलं म्हणजे जुळलं नव्हे. खाली तेच वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसेल.

आधी माती, मग मीटर

कोकणातलं जुनं मशीन गंजून येतं, मराठवाड्यातलं मातीने भरून येतं. माळवदाची पांढरी माती पिठासारखी बारीक असते आणि कीबोर्डच्या फटीतून थेट बोर्डावर बसते. तिला आधी ओला फडका लावायचा नाही. चिखल होऊन ती आयसीच्या पायांखाली जाते आणि वाळली की निघत नाही. कोरडा मऊ ब्रश, नंतर हवेचा ब्लोअर आणि शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, हा क्रम ठेवा.

सॉकेटांत टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशीला कॅसेट प्लेअरची ३.५ मिलिमीटरची भोकं फार आवडतात. बाहेरून सॉकेट रिकामं दिसतं, आत खोलवर मातीचा बूच असतो. लाकडी दातकोरणीने तो कोरडाच फोडून काढा, सुई लावू नका. आतली पत्र्याची स्प्रिंग वाकते. आत पालीची अंडी आणि लेंड्याही सापडतात. लेंड्यांखालचा तांब्याचा ट्रॅक हिरवा पडलेला असेल तर तो तुटला की नाही हे मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. मागची उघडी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून अल्कोहोलने पुसा.

खोका उघडताना कीबोर्ड झटक्यात वर उचलायचा नाही. कीबोर्डपासून बोर्डापर्यंत प्लास्टिकच्या दोन पातळ पट्ट्या जातात, एकीत ५ रेषा आणि दुसरीत ८. चाळीस वर्षांच्या उन्हाळ्यात त्या पापडासारख्या कडक झालेल्या असतात. सरळ वर ओढून काढा, दुमडलीत तर तिथेच तुटतील. टोकाशी थोडी चीर असेल आणि पट्टी पुरेशी लांब असेल, तर दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा खोचता येते. मधूनच गेली असेल तर नवीन मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा त्या पट्ट्यांसकटचा प्लास्टिकचा पडदा लागतो, आणि आजही तो नवा बनवलेला मिळतो. फक्त मागवताना नीट सांगा: रबरी बटणांच्या मूळ स्पेक्ट्रमचं मेंब्रेन वेगळं, स्पेक्ट्रम प्लसचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

मेंब्रेन गेलंय की बोर्ड, हे बटणं दाबूनच कळतं. कीबोर्डची जाळी ८ गुणिले ५ अशी आहे. १ ते ५ हे सगळे अंक एकदम मेले असतील तर ८ रेषांच्या पट्टीतली एक रेषा तुटली आहे. प्रत्येक अर्ध्या ओळीतलं एकेक अशी आठ बटणं मेली असतील तर दोष ५ रेषांच्या पट्टीत आहे. सुटं एखादंच बटण चालत नसेल तर बहुधा त्या जागी फक्त घाण आहे.

अ‍ॅडाप्टर: सर्वाधिक बळी इथे जातात

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं. मूळ अ‍ॅडाप्टर १.४ अँपिअरचा होता. पिन नेहमीची, ५.५ आणि २.१ मिलिमीटरची. पण मधला बिंदू ऋण आणि बाहेरचं कडं धन! आज बाजारात मिळणारे राऊटरचे, सेट टॉप बॉक्सचे जवळजवळ सगळे अ‍ॅडाप्टर याच्या उलट असतात. उलटी वीज गेली की आतला टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर आणि त्याच्यासोबत मेमरीच्या आयसी जाण्याचा धोका असतो.

सोपा मार्ग असा: ९ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला एसएमपीएस (मोबाईल चार्जरसारखा हलका, स्विचिंग पद्धतीचा) अ‍ॅडाप्टर घ्या, वायर मध्ये कापा, दोन तारा उलटपालट करून डाग द्या आणि प्रत्येक जोडावर वेगळी स्लीव्ह चढवा. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक बाहेरच्या कड्याला आणि काळं टोक आतल्या भोकात लावा. आकडा वजाच्या चिन्हाशिवाय ९च्या आसपास आला तरच पुढे जा. त्या अ‍ॅडाप्टरवर रंगीत टेप लावून ‘मध्य ऋण’ लिहून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी तो राऊटरला लावणार.

खोक्यात मूळ अ‍ॅडाप्टर सापडला आणि रिकामा मोजला तर तो १२ ते १४ व्होल्ट दाखवील. तो बिघडलेला नाही. त्यात ट्रान्सफॉर्मर आहे, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. भार पडला की आकडा खाली येतो. पण आपल्याकडे वीज कधी १८० तर कधी २६० व्होल्ट येते आणि हा ट्रान्सफॉर्मर तो चढउतार जसाच्या तसा पुढे देतो. शिवाय भारनियमनात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो घुरघुरतो आणि तापतो. १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस बऱ्याच अंशी हे सोसतो. वीज २४०च्या वर चढत असेल तर मात्र आधी स्टॅबिलायझर हवाच.

दोन पिनांच्या एसएमपीएसची एक खोड लक्षात ठेवा. अर्थिंग नसल्याने त्याच्या बाहेर येणाऱ्या तारेवर हलका करंट तरंगत असतो, हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं. म्हणून टीव्हीची आणि ऑडिओची वायर आधी जोडायची, वीज त्यानंतर.

कोणाच्या नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेलं मशीन असेल तर गोष्टच निराळी. ते ११० व्होल्टचं असतं, त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचं चित्र आपल्या पाल पद्धतीचं नसून एनटीएससी असतं. ब्रिटिश यंत्रांची वीज आणि रंगपद्धत आपल्याशी जुळते, म्हणून नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

आतले तीन व्होल्टेज

९ व्होल्ट आत गेल्यावर ७८०५ हा रेग्युलेटर त्याचे ५ करतो. उरलेली वीज उष्णता होऊन जाते. समजा १० व्होल्ट येताहेत आणि ०.७ अँपिअर ओढ आहे, तर (१० − ५) × ०.७ म्हणजे ३.५ वॉट नुसती गरमी. पौषात हे चालून जातं. वैशाखात परभणी-नांदेडला खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा रेग्युलेटरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी चटका देते. ७८०५च्या जागी त्याच पायांचा छोटा स्विचिंग रेग्युलेटर बसवला की हे संपतं. मूळ भाग जपण्याचा हट्ट इथे सोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरी गुंतागुंत पुढे आहे. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ किलोबाइट मेमरीत ४११६ जातीच्या ८ आयसी आहेत, बोर्डावर त्यांचे क्रमांक आयसी६ ते आयसी१३. त्यांना एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात. आयसीची खाच वर धरा. डावीकडचा वरचा पाय १, खाली मोजत ८, मग उजवीकडे खालून ९ आणि वर जात १६. पाय १वर उणे ५, पाय ८वर अधिक १२, पाय ९वर अधिक ५ आणि पाय १६ म्हणजे ग्राउंड. यातले १२ आणि उणे ५ व्होल्ट बोर्डावरच तयार होतात. टीआर४ आणि टीआर५ हे ट्रान्झिस्टर आणि तांब्याच्या तारेची एक छोटी कॉइल हे काम करतात.

उणे ५ गेले की ४११६ तापून मरायला लागतात. आणि एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली की ती टीआर४ला घेऊन जाते. दोघं एकमेकांच्या पायात पाय अडकवून पडतात. म्हणून नुसता टीआर४ बदलून वीज दिली तर नवाही सेकंदात जातो. वीज बंद ठेवून पाय ८ आणि १६ यांच्यातला रेझिस्टन्स मोजा, मग पाय १ आणि १६ यांच्यातला. मीटर बीप देत असेल तर आधी शॉर्ट आयसी शोधा, ट्रान्झिस्टर नंतर.

आता ‘बसलं म्हणजे जुळलं नव्हे’ याचं सगळ्यात महाग उदाहरण. दुकानात ४११६ मागितली तर ४१६४ पुढे येते. तीही मेमरीच, तेच १६ पाय, तोच आकार, आणि चौपट क्षमता; सॉकेटमध्ये मस्त बसते. पण ४१६४ला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते पाय ८वर. तुमच्या बोर्डाच्या पाय ८वर १२ व्होल्ट आहेत. चालू करताच आयसी जाते. आठही आयसी बदलून, बोर्डावरचे १२ आणि उणे ५चे रस्ते तोडून-जोडून घेतले तर ४१६४ वापरता येते, पण एक जुनी आणि एक नवी अशी सरमिसळ कधीच चालत नाही.

४११६ नव्या बनत नाहीत, जुना साठा असतो. मराठवाड्यातून देवगिरी एक्सप्रेसने हैदराबाद गाठून कोठीच्या बाजारात शोधता येतं. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. ८ लागत असतील तर १२ घ्या. पुसून नवा नंबर छापलेल्या आयसी सर्रास येतात. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून बघा, छपाई निघाली तर माल परत करा. स्पेक्ट्रममधल्या झेड८० प्रोसेसरची मूळ मालिका बंद करत असल्याचं तो बनवणाऱ्या झिलॉगने एप्रिल २०२४मध्ये जाहीर केलं, पण जगभर त्याचा साठा इतका आहे की आपल्याला चिंता नाही. आणि झेड८० तसा मरतो क्वचितच.

गोल इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या वयात बदललेलेच बरे. मूल्य तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. पण आधी बोर्डाचा फोटो काढा. काही बोर्डांवर अधिकचं छापील चिन्ह चुकीच्या बाजूला आहे. विश्वास छपाईवर न ठेवता मूळ कपॅसिटर कसा बसला होता त्यावर ठेवा.

चित्र

मूळ मशीन टीव्हीच्या अँटेनाला जोडलं जायचं, यूएचएफ चॅनेल ३६वर. आजच्या टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर असला तरी चित्र मुंग्यांनी भरलेलं येतं. त्यामुळे कॉम्पोझिट, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटात जाणारं चित्र करून घ्या. बोर्डावर टीव्हीच्या सॉकेटाशी पत्र्याची छोटी डबी आहे, तो चित्र अँटेनाच्या सिग्नलात बदलणारा मॉड्युलेटर. बोर्डावरून तिच्यात दोन तारा जातात: एक ५ व्होल्टची, दुसरी चित्राची. डबीचं झाकण काढून सॉकेटच्या मधल्या टोकाला जाणारा रेझिस्टर सोडवायचा, ५ व्होल्टची तारही सोडवायची आणि तिचं टोक झाकून ठेवायचं, मग चित्राची तार थेट सॉकेटच्या मधल्या टोकाला. आता साध्या वायरीने टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला जोडा. दहा मिनिटांचं काम.

तरी काही एलईडी टीव्ही ‘नो सिग्नल’ म्हणतात. दोष जोडणीचा नसतो. खऱ्या पाल चित्रात ३१२.५ ओळींची दोन अर्धी चित्रं एकमेकांत गुंफलेली असतात. स्पेक्ट्रम सरळ ३१२ ओळी पाठवतो, सेकंदाला ५०.०८ वेळा. जुन्या पिक्चर ट्यूबला तेवढा फरक जाणवतच नाही, नवा टीव्ही अडून बसतो. अशा वेळी एव्ही सॉकेटचा जुना रंगीत डबा टीव्ही सगळ्यात उत्तम. व्हिडिओकॉनचा कारखाना मराठवाड्यातच, पैठण रस्त्यावर चितेगावला होता, त्यामुळे आपल्या भागात असे डबे अजून घरोघरी धूळ खात आहेत. फक्त तो टीव्ही स्वतः उघडायचा नाही. ट्यूबवर हजारो व्होल्ट साठलेले असतात.

पांढऱ्या पडद्यावर खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्च अशी ओळ आली की निम्मी लढाई जिंकली. नुसते उभे पट्टे आले तर पहिला संशय खालच्या मेमरीवर आणि तिच्या तीन व्होल्टेजवर. ओळ आली तरी मेमरी पूर्ण आहे का ते बघा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ किलोबाइट ठणठणीत. ३२७६७ आलं तर मशीन स्वतःला १६चंच समजतंय, म्हणजे वरच्या मेमरीत, आयसी१५ ते आयसी२२ या रांगेत, दोष आहे. इथे शब्द अक्षराने टाइप करायचे नसतात, हे नव्या माणसाला चकवतं: ‘पी’ दाबला की आख्खा ‘प्रिंट’ उमटतो, आणि ‘पीक’ हवा तर एक्स्टेंड मोडमध्ये जाऊन ‘ओ’.

प्रोग्राम आत कसा जातो

मूळ मार्ग कॅसेटचा. पण चाळीस वर्षांच्या टेप रेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला असतो. तो बदलेपर्यंत मोबाईल वापरा. टॅप किंवा टीझेडएक्स (कॅसेटवरचा मजकूर साठवलेली) फाईल वाजवून दाखवणारी अ‍ॅप आहेत, किंवा फाईलचं वेव्ह रूप करून घ्या. एमपी३ नको, त्यात लहरींच्या कडा बोथट होतात. मोबाईलच्या हेडफोन सॉकेटमधून वायर, स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटात. आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद, आणि फोन फ्लाइट मोडवर! ४८ किलोबाइटचा गेम भरायला पाचेक मिनिटं लागतात, आणि चौथ्या मिनिटाला व्हॉट्सअ‍ॅपची टिंग वाजली की ‘आर टेप लोडिंग एरर’ येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून.

‘जे’ दाबला की लोड उमटतं, मग सिंबल शिफ्टसोबत ‘पी’ दोनदा, आणि एंटर. आता पडद्याच्या कडा बघत राहा, त्याच तुमचं मीटर. लाल-आकाशी रुंद पट्टे स्थिर सरकताहेत म्हणजे सुरुवातीचा सूर पकडला. मग निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे मजकूर येतोय. लाल-आकाशी दिसतच नसेल तर आवाज कमी पडतोय किंवा वायर चुकीच्या सॉकेटात आहे. पट्टे येतात पण शेवटी एरर, तर आवाज जरा उतरवून पाहा. कॅसेटवर साठवताना मात्र इअरची वायर काढून फक्त ‘माइक’ची ठेवा, दोन्ही लागलेल्या असतील तर आवाज घुमून रेकॉर्डिंग बिघडतं.

रोज वापरायचं असेल तर डिव्हएमएमसी घ्या. मागच्या पट्टीवर बसणारी ही पाटी एसडी कार्डवरून गेम क्षणात उघडते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट३२. त्यावर ईएसएक्सडॉस या पाटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे ‘बिन’ आणि ‘सिस’ हे फोल्डर टाकायचे, आणि त्यांची आवृत्ती पाटीतल्या चिपमधल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे. दशांशाचा फरक असला तरी ते सुरू होत नाही, आणि लोक पाटी खराब म्हणून परत पाठवतात. मागच्या पट्टीवर काहीही चढवताना किंवा काढताना वीज बंदच हवी. तिथे ५, ९, १२ आणि उणे ५ व्होल्ट शेजारीशेजारी आहेत. पाटी एक घर सरकली की प्रोसेसर आणि मेमरी एकदमच जातात. पट्टीतली खाच आणि पाटीतला अडसर समोरासमोर आहेत ना, हे डोळ्याने बघूनच दाबा.

गेम निवडतानाही तेच. १२८ किलोबाइटसाठी लिहिलेला गेम ४८वर एकतर सुरूच होत नाही किंवा मुका चालतो. आधी कॉम्प्युटरवर फ्यूज हे एम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) ४८च्या मॉडेलवर लावून गेम चालवून बघा. तिथे चालला आणि खऱ्या मशीनवर नाही, तर दोष मशीनचा.

बीबीसी मायक्रोबद्दल थोडं

इथे धोका वेगळ्या जागी आहे. वीजपुरवठा आतच आहे, आणि त्यात कागदी थरांचे पिवळसर पारदर्शक दोन कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. त्यांच्यावर बारीक चिरा पडतात, ओल शिरते, आणि चालू केल्यावर काही मिनिटांत दाट, घाण वासाचा धूर येतो. चालू करण्याआधीच ते बदला. त्याच मूल्याचे, २५० व्होल्ट एसीच्या वरचे आणि ‘एक्स२’ लिहिलेलेच. साधे पॉलिएस्टर तिथे लावू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतं, म्हणून थांबा, मोजा, मग हात घाला.

चालू केल्यावर एक जाड सूर आणि मग छोटा बीप आला तर मशीन जिवंत. जाड सूर थांबतच नसेल तर सॉकेटातल्या आयसी एकेक करून किंचित उचलून परत दाबा. धुळीने पकड सुटलेली असते. मूळ फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक, म्हणजे फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह वाचणारा ड्राइव्ह बसतो, ३४ तारांच्या त्याच पट्टीवर. पण दुकानातून आलेला गोटेक पीसीच्या १.४४ एमबी फ्लॉपीसाठीच तयार असतो. आधी त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर भरून घ्या, सेटिंगमध्ये होस्ट म्हणून एकॉर्न लिहा, आणि पेनड्राइव्हवर एसएसडी किंवा डीएसडी (बीबीसीच्या फ्लॉपीच्या नकला असलेल्या) फाईली ठेवा. मग शिफ्ट दाबून ब्रेक.

सोबतच्या कॅसेट

खोक्यात कॅसेट असतील तर त्या ‘चालतात का बघू’ म्हणून वाजवू नका. विकतचे गेम इंटरनेटवर सापडतात, पण पेनने ‘पाढे’, ‘पगारपत्रक’ असं काही लिहिलेली कॅसेट जगात एकच असते, आणि जुनी टेप पहिल्याच वेळी पावडर सोडू शकते. हेड अल्कोहोलने पुसा, टेप एकदा पूर्ण पुढे-मागे करून सैल करा, आणि पहिल्या वाजवण्यातच ती लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट वेव्हमध्ये उतरवा. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव फेऱ्याच्या आत-बाहेर फिरवून सगळ्यात तीक्ष्ण सूर लागेल तिथे थांबा. पण ही जुळवणी त्या एकमेव कॅसेटवर नको, एखाद्या फालतू कॅसेटवर आधी हात बसू द्या.